कंपन्या बियाणं काढतायत, मग सरकारी पैशावर कृषी विद्यापीठं पोसायची कशाला?

'पोसायची' हा शब्द मी याआधी एकदा ऐकलाय. मेव्हण्याच्या थोरल्याच्या साखरपुड्यात, भर पंगतीत. म्हणून लिहायला बसलो.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. शिकवणं, संशोधन आणि विस्तार, म्हणजे ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणं, अशी तिन्ही कामं एकाच छपराखाली. त्यांतल्या एकाच्या ज्वारीच्या केंद्रावर मी ३१ वर्षं काढली. कुठल्या ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. हुद्दा मोठा नव्हता. साहेब आखून द्यायचे, आम्ही करायचो.

करायचो म्हणजे काय, तर नवं वाण काढायला दोन ज्वारींची गाठ घालायची. दुपार कलली की स्टुलावर उभं राहून कणीस हातात धरायचं. उद्या सकाळी कुठली फुलं उमलणार ते हेरायचं आणि सुईच्या टोकानं एकेका फुलातले तीन-तीन परागकोष अलगद उपसायचे. एक जरी फुटला तरी ते फूल बाद. पन्नासेक फुलं झाली की बाकीची कात्रीनं उडवायची, वर कागदी पिशवी चढवायची, पिशवीवर तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून निवडलेल्या दुसऱ्या ज्वारीचं कणीस झटकून पराग आणायचा आणि त्यावर टाकायचा. एवढं करून हाती येतात मूठभर दाणे. पुढं कित्येक पिढ्या निवड, मग निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, मग शेतकऱ्याच्या रानात, मग कुठं शिफारस. भाकरीसुद्धा थापून बघतात. थट्टा नाही, पापुद्रा आला नाही तर त्या ज्वारीला कोण विचारतो?

तर पंगत. मेव्हण्याचं तालुक्याला कृषी सेवा केंद्र आहे. जिलबी वाढत होता, वाढता वाढता म्हणाला, "दाजी, सरकार तुम्हाला पोसतंय कशाला? माझ्या दुकानात विद्यापीठाची एक पिशवी नाही." सगळी पंगत हसली. आमची ही पण हसली.

दोन वर्षांनी सप्टेंबरात पावसानं पाठ फिरवली. त्याचं एक रान मुरमाड आहे, हातभर खणलं की दगड. सकाळी सहाला फोन. "दाजी, हलक्या रानातलं ते बी मिळंल का?" त्याला फुले अनुराधा हवी होती, राहुरीची. एका जुन्या सोबत्याला गळ घातली, त्यानं विक्री केंद्रावर रांगेत उभं राहून चार किलो घेतली. एका एकराचं बी. मी ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं पोचवली. शेजारच्याचं भारी रानातलं वाण त्याच मुरमात करपलं. याच्या घरात ज्वारी आली आणि दावणीला कडबाही आला. पुढच्या साली त्यानं घरचंच बी पेरलं, भावकीतही वाटलं.

दुकानात मात्र अजून एक पिशवी नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणतो, "एकदा नेलं की गिऱ्हाईक तीन-चार वर्षं तोंड दाखवत नाही. विकून मला काय मिळतं?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मेव्हण्यानंच दिलं की!

संकरित बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं, म्हणून तिथं कंपनीचा जीव रमतो. सरळ वाणाचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केलेल्या वाणाचं, बी शेतकरी कणगीत ठेवतो. मग हलक्या जमिनीला अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा असली रब्बी ज्वारी जमिनीच्या खोलीप्रमाणं निवडत कोण बसेल? खडखड्या रोगानं ताटं मोडतात, खोडमाशी पोंगा खाते, यात पैसा कुणाला दिसतो? तुम्ही बाजारात जी मालदांडी हौसेनं मागता ती मोहोळच्या सरकारी केंद्रावर गावठी ज्वारीतून निवडलेली आहे, तीही स्वातंत्र्याच्या आधी. तिच्यावर अजून कुणी मालकी सांगत नाही. पाडेगावचा ऊस, वेंगुर्ल्याचे काजू, परभणी क्रांती भेंडी, राहुरीचं भगवा डाळिंब, ही यादी मी पंगतीत म्हणून दाखवायला हवी होती. तेव्हा सुचली नाही.

आता आमच्या चुका. नाहीतर म्हणाल, म्हातारा खाल्ल्या मिठाला जागतोय. कापसात आम्ही मार खाल्ला. २००२ नंतर बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं आलं आणि बघता बघता विद्यापीठांचे वाण शेतातून उठले. आमच्या केंद्रावर एक जागा दोन वर्षं भरलीच नाही, त्या दोन हंगामांत खोडमाशीच्या नोंदींची पानं कोरी राहिली. मी ओरडून थकलो. काही साहेबांना बढतीसाठी शोधनिबंध हवे असतात, रान नको असतं. प्रयोगाचे प्लॉट बहुतेक चांगल्या काळ्या जमिनीत, आणि 'शेतकऱ्याच्या शेतावर' म्हणजे रस्त्याकडेच्या बागायतदाराच्या शेतावर. विस्ताराचं काम म्हणाल तर घडीपत्रिका वाटल्या की संपलं. बियाणं तर कधीच पुरत नाही, हे मेव्हण्याचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य.

पण म्हणून बंद करा? रिकाम्या जागा भरा आणि मग हिशेब मागा. अकोल्याला विद्यापीठ मिळावं म्हणून १९६७ साली विदर्भातले लोक रस्त्यावर उतरले होते, त्यांना काय पगारदार पोसायची हौस होती?

तुमची स्वतःची जमीन असेल तर आधी खोली मोजा, मग वाण विचारा. रब्बी ज्वारी असेल तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर पेरणी, त्यामुळं बियाण्याच्या रांगेत ऑगस्टअखेरच उभे राहा.

मेव्हणा हे वाचणार नाही, पण त्याचा थोरला इथं असतो. बाळा, वडिलांना दाखव. आणि त्या चार किलोचे पैसे अजून यायचेत, तेही सांग.