प्रयागचा यमुनेवरचा जुना लोखंडी पूल आजही गाड्या कसा पेलतो?

नागपूरहून रेल्वेने प्रयागराजला जाताना नैनीनंतर लागणारा यमुनेवरचा पूल इतका जुना असूनही गाड्या कसा पेलतो आणि त्याचे लोखंड त्रिकोणांतच का जोडले आहे, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. हा पूल माझ्या विशेष आवडीचा आहे.

पूल १८६५ चा असला, तरी आज दिसणारे लोखंड तेव्हाचे नाही. ईस्ट इंडियन रेल्वेने १८५९ मध्ये काम सुरू केले आणि १५ ऑगस्ट १८६५ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. आराखडा ब्रिटिश अभियंते अलेक्झांडर रेंडेल यांचा होता. खरी कसोटी लागली ती नदीच्या तळाशी. पाये किमान जलपातळीच्या सुमारे ४२ फूट खाली न्यावे लागले आणि प्रवाहाच्या जोरामुळे १३ व्या खांबाला एकट्यालाच सुमारे २० महिने लागले. बुटासारख्या आकारामुळे तो आजही वेगळा ओळखू येतो. पुढे १९१३ मध्ये मार्ग दुहेरी झाला, आणि १९२८-२९ मध्ये गर्डर, म्हणजे खांबांवरच्या लोखंडी तुळया, बदलण्यात आले. म्हणजे खांब जुने आणि त्यांवरचा सांगाडा नंतरचा, हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आता त्रिकोणांविषयी. चार दांड्यांची चौकट सांध्यांपाशी कलंडू शकते. त्रिकोणाचा आकार मात्र एखादा दांडा लांबल्याशिवाय, आखडल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय बदलत नाही. आपल्याकडच्या कवेलूच्या छपराखालची कैची याच तत्त्वावर उभी असते. गाडीचा भार आला की गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, वरचा दांडा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधले तिरपे दांडे तो भार टप्प्याटप्प्याने खांबांकडे पोहोचवतात. वरच्या आणि खालच्या दांड्यांतील अंतर जितके जास्त, तितका त्यांवरचा जोर कमी. म्हणून सांगाडा उंच ठेवतात. इथे त्याच उंचीचा उपयोग करून वर रेल्वे आणि खाली रस्ता नेला आहे, ही योजना मला फार सुंदर वाटते.

मुख्य १४ गाळे प्रत्येकी सुमारे ६१ मीटरचे आहेत. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर एवढ्या लांबीचे पोलाद जवळपास ३ सेंटीमीटर लांबते किंवा आखडते. म्हणूनच अशा गाळ्यांचे एक टोक खांबावर पक्के बसवतात आणि दुसरे सरकते ठेवतात, नाहीतर उन्हाळ्यात प्रसरणाचा सगळा जोर खांबांवरच आला असता.