बाल्कनीतली सळई वर का?

स. न. वि. वि.

मुलीचे गणितातले 58 गुण आपल्या पत्रात तीनदा आले आहेत. तिला आर्किटेक्ट व्हायचे आहे हे एकदाच, तेही ‘खूळ’ म्हणून. तिने सिव्हिल इंजिनिअर होऊन आपला ठेकेदारीचा व्यवसाय सांभाळावा, हे मी तिला पटवून द्यावे अशी आपली अपेक्षा आहे. ते मी करणार नाही.

गुणांची मला काळजी वाटली नाही. वाटली ती आपण सहज लिहून गेलेल्या प्रसंगाची. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खाली असतात, मग बाल्कनीत वर का, असे तिने साइटवर विचारले आणि ‘आधी गणित सुधार’ म्हणत आपण तिला मजुरांदेखत गप्प केलेत. अहो, सारे संरचनाशास्त्र या प्रश्नापासून सुरू होते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण म्हणजे ओढ फारशी सोसत नाही, म्हणून ताण येईल तिथे पोलाद घालावे लागते. दोन्हीकडे टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो आणि ताण खालच्या अंगाला येतो. एकाच बाजूने धरलेल्या बाल्कनीचे टोक झुकू पाहते, तेव्हा तो वरच्या अंगाला, आधारापाशी सर्वांत जास्त येतो. काँक्रीट ओतताना त्या सळया पायांखाली दबून खाली गेल्या, तर पोलाद तेवढेच असूनही बाल्कनी कोसळू शकते.

आर्किटेक्टने नुसते एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचे दर्शनी रूप, काढायचे आणि मजबुती आकडेमोड करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटने पाहायची, हा आपला दुसरा समज आपल्या व्यवसायात सर्रास आढळतो, तरी तो चुकीचाच आहे. कॉलम कुठे येतील, त्यांच्यात किती अंतर राहील, पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडायचा का, हे बहुतेक वेळा आकडेमोडीआधीच नकाशावर ठरून गेलेले असते. 2001 च्या भुज भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारती अशाच होत्या: वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठरपणा, खाली नुसते कॉलम. आकाराने किती फरक पडतो, हे फूटपट्टीवरही दिसते: आडवी धरली तर वाकते, कडेवर उभी धरली तर वाकत नाही. रुंदी तीच ठेवून बीमची उंची दुप्पट केली, तर ताठरपणा आठपट होतो. एवढे समजायला 58 गुण पुरेसे आहेत.

आर्किटेक्चरच्या पदवीला, बी.आर्च.ला, प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईई मेनचा स्वतंत्र पेपर, सिव्हिलसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई. गणित दोन्हीकडे लागतेच. असे प्रश्न पडणारी मुलगी कदाचित आपण होऊन सिव्हिलच निवडेल, पण ते तिला ठरवू द्या. पुढचा स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी तिला साइटवर न्या आणि बाल्कनीच्या सळया चेअरवर, म्हणजे त्यांना वर उचलून धरणाऱ्या आधारांवर, नीट टेकल्या आहेत का, हे तिलाच तपासायला सांगा. शाखेबद्दलचे पुढचे पत्र तिने लिहावे.