बॅकटिकमध्ये बॅकटिक घातला की शेल काय वाचतो?

प्रश्न : शिगम्याच्या फोटोंचे फोल्डर आहेत, 'फोंडा रोमटामेळ', 'साखळी वीरभद्र' असे. प्रत्येक फोटोच्या फोल्डरचं नाव काढायला शेलच्या (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रिप्टमध्ये
नाव=`बेसनेम `डिरनेम "$फोटो"``
असं लिहिलंय. तर बेसनेम म्हणतो ऑपरंड (ज्यावर काम करायचं ते नाव) नाही, आणि वर फोटोलाच 'परमिशन डिनाइड' येतं. फोटो उघडतो की व्यवस्थित, मग परमिशन कसली? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : परमिशनचा प्रश्न नाहीच, फोटोंना एक्झिक्यूट परमिशन देऊन बसू नका प्लीज. डिरनेम फोटोच्या फोल्डरचा पाथ देतो, बेसनेम पाथमधलं शेवटचं नाव, आणि बॅकटिक (`) आतली कमांड चालवून तिचं आउटपुट त्या जागी ठेवतो. पण बॅकटिकला उघडायचं आणि बंद करायचं चिन्ह एकच, त्यामुळे शेल पहिल्या बॅकटिकवरून निघतो आणि पुढचा दिसला की कमांड संपली असं धरतो, म्हणजे आत राहिला नुसता बेसनेम, म्हणून ती ऑपरंडची तक्रार. 'डिरनेम' हा शब्द तसाच 'नाव'ची व्हॅल्यू झाला. स्पेसनंतर उरलं "$फोटो" आणि रिकामे दोन बॅकटिक, आणि असाइनमेंटच्या ('नाव=' वाल्या भागाच्या) पुढे जो शब्द येतो तो शेलच्या लेखी कमांड, तर तो तुमचा फोटो रन करायला गेला!

आतल्या बॅकटिकमागे बॅकस्लॅश लावून चालतं, पण तिसऱ्या लेव्हलला तीन-तीन बॅकस्लॅश लागतात, ते कोण वाचणार. त्यापेक्षा कॉर्न शेलमधून आलेली, आता पॉझिक्समध्येही (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डमध्ये) असलेली $( ) ची पद्धत वापरा (खऱ्या स्क्रिप्टमध्ये नावं अर्थात रोमन अक्षरांत) :
नाव=$(बेसनेम "$(डिरनेम "$फोटो")")

आतल्या कोटने बाहेरचा कोट बंद होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, $( ) च्या आत कोटांचा हिशोब नव्याने सुरू होतो. म्हणून बेसनेमच्या पुढचे कोट अजिबात काढू नका. काढले तर 'साखळी वीरभद्र'चे दोन तुकडे होतात, बेसनेम दुसऱ्या तुकड्याला नावाच्या शेवटून कापायचा सफिक्स समजतो, आणि एरर न देता नुसतं 'साखळी' हातात देतो. ही चूक लवकर सापडतच नाही, साखळीचे सगळे फोटो एकाच नावाखाली जातात आणि स्क्रिप्ट तर नीट चालल्यासारखी दिसते.

पुढेमागे $( ) च्या आत केस (पॅटर्न जुळेल तशी कमांड निवडणारी रचना) लिहाल तर पॅटर्नच्या आधीचा उघडा कंसही द्या, (क) असा. बॅश या शेलच्या ४.० च्या आधीच्या आवृत्त्या, मॅकवरचा ३.२ सुद्धा, पॅटर्नचा एकटा बंद कंस बघून सबस्टिट्यूशनच संपलं असं समजतात. आणि आत सबशेल (कंसात लिहिलेल्या कमांडसाठी वेगळा शेल) हवा असेल तर $( ( मध्ये स्पेस सोडा, दोन कंस चिकटले की शेल आधी ते गणित म्हणून वाचायला बघतो.