जुन्या बोटीचा खरा क्रमांक कोणता?

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकी बनावटीची, सुमारे १६ फूट लांबीची फायबरग्लासची जुनी बोट आली आहे. कागदपत्रे नाहीत. एक क्रमांक इंजिनावर आहे आणि दुसरा पुढच्या अंगाला मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. यांतला बोटीचा क्रमांक कोणता आणि त्यावरून मॉडेल कसे ओळखावे?

उत्तर : यांतला एकही क्रमांक बांधणाऱ्याने बोटीला दिलेला नाही. पहिला इंजिनाचा आहे, आणि इंजिन मध्यंतरी बदललेलेही असू शकते. दुसरा सरकारी नोंदणीचा आहे. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बोटीच्या सांगाड्यावर १२ अक्षर-अंकांचा क्रमांक बंधनकारक झाला. मागच्या उभ्या फळीवर, बाहेरून, पुढे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात तो शोधावा. रंगाचे थर चढले असतील तर घाईने पॉलिशपेपर मुळीच चालवू नये, कारण एकदा घासून गेलेला अंक परत मिळत नाही; अंधारात बॅटरीचा झोत तिरपा टाकावा, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी.

पहिली तीन अक्षरे उत्पादकाची खूण, पुढची पाच स्थाने अनुक्रमांकाची आणि शेवटची चार काळाची असतात. अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, म्हणून तेथील झिजलेले गोल चिन्ह ओ समजू नये. काळ वाचताना मात्र फार चुका होतात. शेवटी ०४७७ असेल तर एप्रिल १९७७. पण एम७८सी असेल तर १९७८ चे मॉडेल, बांधणी ऑक्टोबर १९७७ ची, कारण या पद्धतीत ए म्हणजे ऑगस्ट. ऑगस्ट १९८४ पासून सक्तीच्या झालेल्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी, त्यामुळे सी५८५ म्हणजे मार्च १९८५ ची बांधणी आणि १९८५ चे मॉडेल. या नव्या पद्धतीच्या बोटींवर तोच क्रमांक आत, एखाद्या जोडभागाखाली, दुसऱ्यांदाही असतो.

मॉडेलचे नाव या १२ स्थानांत सहसा उघडपणे नसते. उत्पादक आणि वर्ष कळल्यावर बोटीची लांबी व रुंदी नीट मोजून त्या वर्षाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. वजनमर्यादेची धातूची पट्टी शाबूत असेल तर ती आधी वाचावी, कारण तीवर मॉडेलही पुष्कळदा दिलेले असते. बोट १९७२ पूर्वीची असल्यास एकसारखा नियमच नव्हता. तेव्हा बांधणाऱ्याची पट्टी किंवा लाकडी सांगाड्यावर कोरलेले आकडे शोधावे लागतात.