‘पदार्पण एकल अल्बम’ : सोल गायकाच्या सोलो अल्बमला मराठीत म्हणायचं काय?

प्रश्न असा आलाय की अमेरिकन गायक कर्टिस मेफील्डच्या १९७० सालच्या ‘कर्टिस’ या अल्बमवर मराठीत लेख लिहायला घेतलाय, पहिल्याच वाक्यात ‘आत्मा-गायक कर्टिस मेफील्ड यांचा पदार्पण एकल अल्बम’ असं लिहिलं आणि घरचे हसत सुटले. तर यात चुकलं काय आणि बरोबर काय लिहायचं?

हसणारच ना हो. ‘पदार्पण एकल अल्बम’ हे तीन शब्द नुसते एकमेकांना खेटून उभे केलेत, मधे एकही प्रत्यय नाही. मराठीत ‘पदार्पणाचा सामना’ असतो, ‘पदार्पण सामना’ कानाला खटकतो. पण नुसता ‘चा’ लावून भागत नाही, खरी गोम ‘पदार्पण’ या शब्दातच आहे.

पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणं, आणि पाऊल कुठे ठेवलं ते आपण सांगतोच. रंगभूमीवर पदार्पण, कसोटीत पदार्पण, आमच्या आजोबांनी पंचाहत्तरीत पदार्पण केलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं असा त्याचा अर्थ नाहीये, एका जागेत शिरलो एवढाच आहे, ती जागा सांगितली नाही की वाचणारा आपल्या मनाने भरतो. ‘कर्टिसचा पदार्पणाचा अल्बम’ वाचून कुणालाही वाटेल की नवखा पोरगा पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला. प्रत्यक्षात तो १९५८ पासून ‘द इम्प्रेशन्स’ या शिकागोच्या ग्रुपमधे रेकॉर्ड करत होता, त्यांचं ‘पीपल गेट रेडी’ हे गाणं १९६५ मधेच येऊन गेलं होतं, आणि १९६८ ला त्याने भागीदारीत ‘कर्टम’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनीसुद्धा काढलेली होती. २८ वर्षांचा मुरलेला माणूस. म्हणून ‘सोलो कारकिर्दीत पदार्पण’ चालेल, जरा पेपरी वाटतं पण चूक नाही. मी तरी सरळ ‘पहिला सोलो अल्बम’ लिहीन.

आता ‘एकल’. डिक्शनरीत सापडतो म्हणून वापरतात, पण रोजच्या मराठीत एकल कोण असतं? एकल पालक, एकल महिला, एकल वापराचं प्लास्टिक. त्या रांगेत अल्बम बसवला की उगाच बिचारा वाटतो. ‘एकेरी’ बॅडमिंटनवाल्यांनी घेतलाय. ‘एकपात्री’ म्हणावं तर स्टेजवर दुसरं कुणीच नाही असं चित्र येतं, आणि या अल्बमात ब्रास (म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आहे, व्हायोलिनं आहेत, चक्क हार्प आहे. ‘मूव्ह ऑन अप’ ऐका, जवळपास ९ मिनिटांचं गाणं, साधारण निम्म्यात गाणं संपतं आणि पुढे बराच वेळ कोंगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) आणि ब्रास नुसते धावत असतात, कर्टिस गायब. सोलो म्हणजे एकट्याने केलेलं नाही, ग्रुपच्या नावाऐवजी आपल्या नावावर काढलेलं. ‘स्वतंत्र अल्बम’ वाईट नाही, पण आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेकदा ‘पिक्चरची गाणी नसलेला’ असा होतो. (एकाने ‘अपक्ष अल्बम’ सुचवलं, निवडणुकीचे दिवस होते.)

तो ग्रुपमधून ‘फुटला’ असंही लिहू नका प्लीज. त्याने वेगळी चूल मांडली, पण जुन्या घरात किराणा भरत राहिला, कारण इम्प्रेशन्ससाठी गाणी लिहिणं, प्रोड्यूस करणं नंतरही चालूच होतं.

‘सोल’चं भाषांतर करूच नये. ठुमरीचं करतो का आपण? ही काळ्या अमेरिकन लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून वाढलेली गायकी आहे, आणि साठच्या दशकात ‘सोल’ हा शब्द त्यांनी स्वतःची ओळख म्हणून अभिमानाने मिरवला, इतका की १९६९ मधे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-मासिकाने आपल्या ‘रिदम अँड ब्लूज’च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं नाव बदलून ‘सोल’ केलं. ‘आत्मा’ म्हटलं की आपल्याकडे थेट गीता नाहीतर दहाव्याचा कावळा. कर्टिसची आजी ज्या चर्चमधे प्रवचन करायची त्याच्या नावातला ‘सोल’ खरोखरचा आत्माच होता, आणि कर्टिस लहानपणी तिथेच गायला शिकला, पण म्हणून तो आत्मा-गायक होत नाही.

अडचण वेगळीच आहे, देवनागरीत नुसतं ‘सोल’ लिहिलं की मराठी माणूस आधी लसूण सोलायला बसतो. नाहीतर बुटाचा सोल. कोकण-गोव्याकडचा असेल तर त्याला सोलं, म्हणजे आमसुलं दिसतात आणि पाठोपाठ सोलकढी. त्यात ‘सोल गायकाचा सोलो अल्बम’ हे तर मोठ्याने म्हणून बघा, कच्चा पापड पक्का पापड. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सोल संगीत’ असं पूर्ण लिहायचं आणि सोल नि सोलो यांच्यात चार शब्दांचं अंतर ठेवायचं.

‘अल्बम’ ठेवा. लग्नाच्या फोटोंचा आठवला तरी हरकत नाही, कारण नातं तेच आहे, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या बाइंडिंगमधे घालून विकायचे, त्यावरून ते नाव आलं. ‘ध्वनिमुद्रिका’ मला आवडतो पण तो एका तबकडीला शोभतो.

तर वाक्य साधारण असं होईल : ‘इम्प्रेशन्समधे बारा वर्षं काढल्यावर १९७० साली कर्टिस मेफील्डने पहिला सोलो अल्बम काढला, आणि तो सोल संगीताच्या चाहत्यांनी उचलून धरला.’ ‘मेफील्ड यांनी’ की ‘मेफील्डने’ हेही विचारलंय. लता, आशा, सचिन म्हणतो तसं एकेरीच बरं, नाहीतरी अल्बमवर त्याने स्वतःच नुसतं ‘कर्टिस’ लिहिलंय.