वहीचं शेवटचं पान

"मॅडम, ह्याचं अभ्यासात चित्तच नाही ओ. बघा की तुम्हीच!" कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसायच्या आधीच आईनं इतिहासाची वही टेबलावर ठेवली. मुलगा नववीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समासात, शेवटच्या पानावर, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही निळ्या पेनानं काढलेल्या चकल्या, जाळ्या, डोळे. शाळेतूनही तक्रार आलेली.

वर्गात रेघोट्या ओढतो म्हणजे लक्ष नाही, ही काळजी घेऊन पालक फार येतात. मी एका चकलीवर बोट ठेवलं. "हे काढताना बाई काय शिकवत होत्या?"

तो जरा थांबला. "शाहू महाराजांचा १९०२ चा जाहीरनामा. रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना."

"आणि ही जाळी?"

"राधानगरी धरण."

आई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला होता. ऐकताना कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीनं भरत बसलेल्यांना नंतर इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. कंटाळलेलं मन दिवास्वप्नात शिरतं. हाताला हलकं काम असलं की ते जाग्यावर राहतं, असं त्यामागचं कारण असावं. मलाही मुलांमध्ये हेच दिसतं. मात्र अख्खं चित्र मन लावून रंगवायला घेतलं, की कान बंद होतात. आणि स्वतःला इजा करण्याची चित्रं दिसली, तर एक दिवसही थांबू नका, लगेच कुणाला तरी भेटा.

"मग ड्रॉइंगच्या क्लासला घालू?" आईंनी विचारलं. मी नको म्हटलं. त्याचा विसावा होता तो, त्याला परीक्षा कशाला लावायची?

बोलता बोलता मी सांगितलं, की ब्रिटनमध्ये एपिलेप्सी अ‍ॅक्शन या संस्थेनं नामवंतांच्या अशाच रेघोट्यांचा लिलाव करून अपस्माराच्या रुग्णांसाठी पैसे उभे केलेत. पोरगा एकदम ताठ बसला. "ह्या विकतात?" त्याच्या मामाचं गाव चिखली. पुरात तिथल्या पोरांची वह्या-पुस्तकं भिजलेली त्यानं पाहिली होती.

दिवाळीला त्याच्या रेघोट्यांची शुभेच्छापत्रं गल्लीत वीस रुपयांना एक अशी खपली, त्या पैशांतून चिखलीला वह्या गेल्या. माझी अट एकच होती: विकायला म्हणून काढायला बसवायचं नाही, काढलेल्यातलंच निवडायचं. ते काम आईंनी घेतलं. कात्री घेऊन, जुन्या वह्यांची शेवटची पानं एकेक करून, जपून.