सिग्नलला गाडी थरथरते

प्रश्न : माझी पेट्रोल-सीएनजी मोटार सात वर्षांची आहे. घोडबंदर रस्त्यावर सिग्नलला थांबलो की स्टीअरिंग थरथरते आणि एसी लावल्यावर थरथर वाढते. गाडी पळू लागली की काही जाणवत नाही. गॅरेजवाले इंजेक्टर बदलायला सांगतात. बदलावेत का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : एवढ्यात बदलू नका. सीक्वेन्शियल सीएनजी संच (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्रपणे गॅस सोडणारा) असलेल्या गाडीत पेट्रोलचे आणि गॅसचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन सोडणारे भाग, वेगवेगळे असतात, तेव्हा त्यांपैकी कोणते बदलायचे आणि कशावरून, हे आधी विचारा. आपल्यापाशी एक सोपी परीक्षा आहे : इंजिन तापल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर चालवून पाहा. थरथर फक्त गॅसवर असेल, तर गॅस फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर तपासावेत. दोन्हींवर सारखीच असेल, तर दोष दोन्ही इंधनांना सामाईक असलेल्या भागांत शोधावा.

त्यांत पहिला संशय स्पार्क प्लगवर घ्यावा, कारण गॅसचे मिश्रण पेटवायला जास्त दाबाची वीज लागते आणि झिजलेला प्लग तिथे आधी हार मानतो. साधे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरांनंतर बदलावेतच. प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची शंका असल्यास नवी घेण्यापूर्वी मेकॅनिकला पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायला सांगा. स्कॅनरवरचा पी०३०१ (पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) हा कोड पी०३०३ (तेच तिसऱ्यात) झाला, तर दोष कॉइलचाच.

आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटाही बरेच सांगतो. गरम इंजिनाचा आयडल (गाडी उभी असतानाचा वेग) बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० असतो. काटा सतत वर-खाली होत असेल, तर इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवरची काजळी किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून आत शिरणारी हवा हे कारण संभवते. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर स्कॅनरने आयडलचे रीलर्निंग (गाडीच्या संगणकाला आयडल नव्याने शिकवणे) करून घ्यायला अनेक जण विसरतात आणि मग गाडी आणखीच बिघडल्यासारखी वाटते. काटा स्थिर आहे, इंजिनाचा आवाजही एकसारखा आहे आणि तरीही स्टीअरिंग थरथरते, असे असेल तर इंजिन ज्यावर बसवलेले असते त्या माउंटिंगचे रबर पाहावे; आपण लिहिलेली लक्षणे त्याच्याशीही जुळतात.

मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नका. न जळलेले इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो. त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते.